अर्ध्या चेहऱ्यावरचा उजेड

सिनेमावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ज्या चित्रपटांबद्दल लिहितो आहे त्यांतले संवाद मला तेव्हा निम्मेही कळत नव्हते. कुठे चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चंद्रपूरला बी.ए. करत होतो. आमचे इंग्रजीचे सर शनिवारी दुपारी एका वर्गाच्या खिडक्यांना काळी कापडं लावून जुने अमेरिकन चित्रपट दाखवत. कृष्णधवल, गुन्ह्यांचे. खोटं बोलणारी बाई, तिच्यावर विश्वास ठेवून फसणारा माणूस, ओले रस्ते. याला फिल्म नॉयर म्हणतात, असं सरांनी सांगितलं. बरीच मुलं मधेच उठून जात. मी बसून राहायचो. पडद्यावर माणसाचा अर्धाच चेहरा उजेडात असायचा, आणि तो मला ओळखीचा वाटायचा. आरमोरीजवळच्या आमच्या गावात चिमणीच्या उजेडात आईचा चेहरा मी तसाच पाहत आलो होतो. दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करून आलेली आई ‘बरं आहे’ म्हणायची, तेव्हा अंधारातल्या बाजूला काय आहे ते मी शोधायचो.

त्या हिवाळ्यात गावच्या नाट्यमंडळानं मी लिहिलेलं नाटक बसवलं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात, आणि त्यासोबत नाटक होतंच. नाटक पडलं तर पुन्हा माझं लिखाण हातात घेणार नाही, असं मंडळाच्या अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं. मला तर लिहिणाराच व्हायचं होतं, फक्त हे घरी बोलायची हिंमत नव्हती.

नाटक गुन्ह्याचंच होतं. नायिका फौजदारासमोर खोटी जबानी देते, त्या प्रवेशात सगळे दिवे बंद करून एकच दिवा खाली, बाजूला ठेवायचं मी ठरवलं. आमच्याकडे रंगमंच लख्ख लागतो. चेहरे दिसले पाहिजेत, शालू दिसले पाहिजेत. मंडपवाला कुरकुरला. अध्यक्ष म्हणाले, “भाऊ, लोकं तिकीट काढून अंधार पाहाले येतीन का?” नायिकेच्या कामासाठी नागपूरहून आलेल्या बाईंनी मात्र काही विचारलं नाही. दिवा कुठे आहे तेवढं पाहून घेतलं.

प्रयोगात दिवे गेले आणि लोकांना वाटलं, जनरेटर बंद पडला. शिट्ट्या सुरू झाल्या.

“जनरेटरवाल्या, झोपला का बे?”

“हिरोइन पाहाले बसला असन तो. मशीन कोण पाहीन?”

हशा पिकला. जनरेटरवाला खरंच घाबरला आणि चांगलं चालतं मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लागला. त्यात उरलेला दिवाही गेला. मी विंगेत डोकं धरून बसलो.

बाई थांबल्या नाहीत. मिट्ट अंधारात जबानी देत राहिल्या, आवाज उलट खाली आणला. नीट ऐकू यावं म्हणून लोकच एकमेकांना गप्प करू लागले. मग मशीन लागलं, तो एकच दिवा पेटला, आणि मागच्या पडद्यावर बाईंची सावली त्यांच्याहून मोठी उभी राहिली. बायका बसल्या होत्या तिकडे एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “खोटं बोलून राह्यली वो ते.”

ते चित्रपट इतक्या लांब येऊन काय करू शकतात, याचा याहून वेगळा पुरावा माझ्याजवळ नाही. चिमणीच्या उजेडात वाढलेल्या माणसांना ती भाषा येतच असावी, असं मला वाटतं. चूकही असेल.

प्रयोगानंतर अध्यक्ष बरं-वाईट काहीच बोलले नाहीत. मी चंद्रपूरला परतलो, अभ्यासाला लागलो, पण गावाकडचं कोणी भेटलं की नाटकाचा विषय निघतो का, हे पाहत राहायचो. निघायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोठा भाऊ एसटीनं होस्टेलवर आला. पाणी प्यायला, जेवण बरं मिळतं का विचारलं, पंख्याखाली जरा बसला. मग म्हणाला, तिकिटावर प्रयोग करत फिरणारी वडसेकडची एक नाटक कंपनी गावात येऊन गेली.

“तुह्यं नाटक घेतलं त्याहीनं. अन् अंधाराचा सीन काढाचा नाई म्हणते.”