तोटीला बांधलेली चिंधी

त्याला सगळे ‘उद्या’ म्हणायचे. नाव दुसरंच होतं, पण ते आता फक्त बायकोच्या लक्षात होतं आणि तीही भांडणाशिवाय ते काढत नसे. धंदा नळदुरुस्तीचा. हाताला गुण होता. त्याने आवळलेला नळ पुन्हा म्हणून ठिबकत नसे. पण जीभ एकाच शब्दाला चिकटून बसलेली. कुणी रस्त्यात गाठून म्हणालं, “अरे, मोरी तुंबलीय,” की ह्याचं उत्तर तयार, “उद्या येतो.” यायचाही, नाही असं नाही. पण कुठल्या उद्याला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.

त्या दिवसांत थिएटरला एक पिक्चर लागला होता. पोस्टरवर भलंमोठं नाव होतं, पण लोक त्याला नुसतं ‘आईचा पिक्चर’ म्हणत. निम्मे लोक डोळे सुजवून बाहेर यायचे आणि निम्मे पोट धरून. एकाच घरातली माणसं एकाच रिक्षातून परत येताना भांडायची. थिएटरसमोरचा चहावाला प्रत्येकाला विचारायचा, “किती रुमाल झाले?” आणि कुणी म्हणालं की मला तर झोप लागली, तर त्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा. त्याची म्हातारी गावाकडे होती, त्यामुळे तो रुमालवाल्यांच्या बाजूचा.

हार्डवेअरच्या दुकानात तर रोज सकाळी हाच वाद. कारागीर मंडळी सामान घ्यायला जमत आणि सामान राहायचं बाजूला. दुकानदार जाडजूड माणूस, पण डोळ्यांतून पाणी काढत सांगायचा, “तो पोरगा शेवटी आईच्या पायाशी बसून बोलतो ना, तिथं मी संपलो राव.”

“दिग्दर्शकाने पडद्यालाच कांदा चोळलाय,” रंगारी म्हणाला. “अडीच तास आई खोकतेय. एक औषधाची बाटली आणली असती तर पिक्चर मध्यंतराआधीच संपला असता.”

उद्या वॉशर निवडत उभा होता. त्याने पिक्चर पाहिला नव्हता, पण मत देण्यात तो कधी मागे राहायचा नाही. म्हणाला, “पडद्यावरची बाई मेली म्हणून कसलं रडताय? तिने रंग पुसून पोटभर जेवण हाणलं असेल. असल्या पिक्चरला जो रडेल, त्याच्या डोळ्यांचे वॉशर गेले म्हणून समजा. आणा माझ्याकडे, बदलून देतो.”

सगळे खदाखदा हसले. रंगारीही हसला आणि हसता हसता बोलून गेला, “तू कशाला रडशील बाबा? तू तर सख्ख्या आईलाही रडला नाहीस.”

हसणं जागच्या जागी विझलं. दुकानदाराने उगाच तराजू पुसायला घेतला. उद्याने वॉशर खिशात टाकले आणि सायकलला टांग मारली.

रंगारी खोटं बोलला नव्हता. आई गेली त्या दिवशी बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसलेली, मधे आई निजलेली, उशाशी मोठी बहीण रडून रडून घसा बसलेली. उद्या आला, आईकडे एकदा बघितलं आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. मग आतून आवाज यायला लागला, पाना फिरवल्याचा, लोखंडावर लोखंड घासल्याचा. कुणीतरी डोकावलं, तर हा बाह्या सारून मोरीवरचा नळ खोलत होता. बाहेर आई निजलेली आणि पोराला धंदा सुचतोय! ताई दारात येऊन एवढंच म्हणाली, “आज सवड मिळाली होय तुला?” त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. रस्त्यात समोर आली तरी भिंतीकडे बघून जायची.

आता त्याच्या बायकोला हे दोन घरांतलं मौन डाचत होतं. तिने आणि ताईने आतल्या आत काय शिजवलं कोण जाणे, पण एका रविवारी दुपारच्या खेळाला तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घालून ओढत नेलं. खुर्चीत बसतो तर बायकोच्या पलीकडे ताई आणि तिच्या पलीकडे दाजी.

“अहो, असे अंगावर पाल पडल्यासारखे काय बघताय? बसा की,” बायको कुजबुजली.

दिवे गेले. पडद्यावरची आई खोकायला लागली. पुढच्या रांगेत कुणाचं तरी नाक वाजलं, मागे कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. दाजी पहिल्या गाण्यातच घोरायला लागले. पडद्यावरच्या आईने अंगठी विकली, उद्याने जांभई दिली. पोरगा आईला टाकून आगगाडीत बसला, उद्याने दात कोरले. त्याला बरं वाटत होतं. आपले वॉशर शाबूत आहेत.

मग एक साधासा प्रसंग आला. पोरगा सुट्टीवर घरी येऊन झोपलाय. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, टप, टप, बादलीत. म्हातारी उठते, लुगड्याची एक चिंधी फाडते आणि तोटीला बांधते. पाणी चिंधीवरून मुकाट बादलीत उतरायला लागतं. आवाज बंद. तेवढ्यात तिचा विनोदी भाऊ चोरून लाडू खायला येतो, बादलीत पाय घालतो आणि धाडकन आडवा होतो. थिएटर हसून हसून कोसळलं.

आणि त्या हसण्यात एक विचित्र आवाज निघाला. पाइपात अडकलेली हवा सुटावी तसा. लोकांना वाटलं, कुणाला ठसका लागला. पण तो थांबेना. उद्याने तोंडावर हात दाबला, तर तो बोटांमधून यायला लागला. बायको घाबरून म्हणाली, “अहो, काय होतंय? पाणी देऊ?”

नेमकं तेव्हाच मध्यंतर झालं आणि सगळे दिवे लागले.

चेहरा लपवायला वेळच मिळाला नाही. नाकाडोळ्यांतून धारा, इस्त्रीचा शर्ट छातीवर ओला. कॉलेजच्या पोरी तोंडाला ओढणी लावून बघतायत. “ते काका जोकवर रडले गं!” आणि चार रांगा पुढून ओळखीचा आवाज आला. रंगारीच होता. “अरे, वॉशर गेला रे उद्याचा! दोन्ही गेले!”

तो उठून कुणाचे पाय तुडवतोय हे न बघता बाहेर सटकला. बाहेरच्या बेसिनवर तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिला. धरणीने पोटात घ्यावं, दुसरं काही नको, असं त्याला झालं होतं.

मागून ताई आली.

“कशाला रडलास? सगळे तर हसत होते.”

“डोळ्यात काहीतरी गेलं.”

“दोन्ही डोळ्यांत?”

त्याने पुन्हा पाणी मारलं. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग तिचा आवाज उतरला. “चिंधी बघून ना?”

तो वळला नाही. बेसिनची कड धरून राहिला.

“आईच्या नळाला ती मीच बांधली होती,” ताई म्हणाली. “तुला किती निरोप धाडले. तुझं आपलं, उद्या येतो. आई म्हणाली, आता त्याला सारखं सांगू नकोस. पण टपटप शेजारी ऐकू जाते. लोक म्हणतील, नळवाल्याच्या आईचाच नळ गळतो. पोराची अब्रू जाईल. म्हणून बांधायला लावली.”

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हातारी त्या चिंधीखाली पोराची लाज झाकत बसली होती, आणि आपण गावभर लोकांचे नळ आवळत हिंडत होतो. “मला वाटलं, तिची झोपमोड होत असेल,” तो कसाबसा म्हणाला.

“ऐकू कुठे येत होतं तिला नीट?” ताई थोडी थांबली. “मला वाटलं, तू चिंधी बघितलीसुद्धा नाहीस. ओढून फेकलीस आणि पाना लावलास.”

“गाठ बसली होती पाण्याने. सुटेना. कापायचा धीर होईना. दातांनी सोडवली.” त्याने नाक पुसलं. “लोकांना पाना तेवढा ऐकू आला.”

घंटा झाली. लोक चहाचे पेले टाकून आत जायला लागले.

“तू जा,” तो म्हणाला. “मी नाही येत. शेवटी तो भाषण करतो म्हणे.”

“दाजींना एकटं कसं सोडू? खुर्चीतून पडतील.” ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली. “माझ्या घरचा नळ गळतोय.”

“कधीपासून?”

“आई गेल्यापासून.”

“मग दुसऱ्या कुणाला बोलवायचं ना!”

“सख्खा भाऊ नळवाला असताना? लोक काय म्हणतील?”

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “उद्या येतो.”

कुणी मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं, असा तो उभा. ताईने नुसतं बघितलं आणि ती आत गेली.

तो सायकल हाणत घरी गेला, हत्यारांची पिशवी उचलली आणि ताईच्या दारात येऊन बसला. दाराला कुलूप. पिक्चर सुटेपर्यंत बसणं भाग होतं. इस्त्रीचा शर्ट वाळून कडक झाला होता. यथावकाश रस्त्याने लोक यायला लागले. “भाषण जरा लांबलं हां.” “लांबलं काय, मी तर हुंदके आवरत होते, आणि तुम्ही घड्याळ बघत होतात!” “काय भंगार पिक्चर!” त्याला पायरीवर बसलेला बघून पोरी एकमेकींना कोपर मारत गेल्या. रंगारी आला. उद्याने मान खाली घातली, आता काय ऐकवतोय म्हणून. पण रंगाऱ्याचे स्वतःचेच डोळे लाल होते. तो घाईघाईने पलीकडच्या बाजूने गेला.

मग ताई आणि दाजी आले. बायको मुद्दाम मागे रेंगाळली होती. दाजी जांभई देत म्हणाले, “आलास? चांगला होता हो पिक्चर.”

“तुम्ही बघितलात कुठे?” ताई म्हणाली आणि पदराची गाठ सोडून किल्ली काढली.

दार उघडलं. उद्या पिशवी धरून उंबऱ्याशी उभा राहिला आणि त्याने सवयीने कान दिला. गळका नळ त्याला रस्त्यावरूनही ऐकू यायचा. पण घर चिडीचूप होतं. आतून टपटप कसली ती येत नव्हती.

तोटीला काय बांधलेलं असणार, ते त्याला तिथूनच कळलं.

“ये की आत,” ताई म्हणाली. “असा परक्यासारखा काय उभा राहिलास?”

पाय उचलता उचलेना.