जर्मनीची मिल

त्या दिवशी सकाळच्या पाळीला इंदूरमधल्या आमच्या मिलचे गेट उघडले नाही. भिंतीवर नोटीस होती. लोक दुपारपर्यंत उभे राहिले आणि घरी गेले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी, दर शनिवारसारखा, कामगार कल्याण केंद्राच्या हॉलमध्ये पडदा लागला. हॉल गेटच्या बाहेर होता आणि त्याची किल्ली सिनेमे दाखवणाऱ्या आप्रेटरसाबांकडे होती. ती परत मागायचे कुणाला सुचले नाही. वीज तोडलेली होती, म्हणून शेजारच्या मारुतीच्या देवळातून वायर ओढली होती. खेळ संपायला आला तसे दोघे-तिघे उठू लागले. तेव्हा अंधारातून प्रोजेक्टरच्या खडखडाटावर त्यांचा आवाज आला, "थांबा भिया. गेट उघडायचं बाकी आहे."

पुढची चार वर्षे मी हे वाक्य दर शनिवारी ऐकले.

त्यांचे नाव इथे लिहीत नाही. नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचे मला आठवतही नाही. मिल चालू होती तेव्हा ते तिथले प्रोजेक्टर चालवायचे, म्हणून सगळे आप्रेटरसाब म्हणायचे. मी त्याच केंद्रातल्या वाचनालयात बसायचो. मला लोक मास्तरजी म्हणत, शिकवले कुणालाच नसताना. बोटांचा ओला रंग कपड्यांना लागू नये तसे आप्रेटरसाब हात अंगापासून जरा लांब धरून चालत. फिल्मला हाताचा घाम लागू नये म्हणून पडलेली ती सवय होती. बाजारात वांगीसुद्धा ते कडेने उचलायचे.

मिल चालू असताना भाड्याने सिनेमे यायचे. ते थांबले. केंद्राची स्वतःची म्हणावी अशी तीन रिळे उरली. जर्मनीहून कधीतरी नवे साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रे आली होती, त्यांच्या खोक्यांतून ती आली होती. पहिल्या दोन रिळांत साच्यांना तेल कसे द्यायचे ते दाखवले होते. ती एकदाच लावली. साचे चालताना पाहून साचेखात्यातले लोक रडायला लागले, तेव्हा आप्रेटरसाबांनी मशीन बंद केले आणि म्हणाले, "हे नको. तिसरं बघू."

तिसरे रीळ त्या खोक्यात बहुधा चुकून पडले असावे. त्यात पडकी घरे होती. हातगाडीवर गाद्या आणि भांडी घालून निघालेली माणसे होती. बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या हाती विटा देत होत्या. पातेल्यासमोर डबे घेऊन लोक उभे होते, स्टेशनावर एक म्हातारा झोपला होता. मुलांच्या, मोठ्यांच्या गळ्यांत नंबरांच्या पाट्या होत्या. शेवटी एक चिमणी दिसायची, तिच्यातून धूर निघायचा, एक मोठे गेट उघडायचे आणि माणसे आत जायची.

प्रोजेक्टरचा आवाजाचा भाग बिघडलेला होता. त्यामुळे रीळ काय सांगत होते ते कुणाला कळले नाही. पण गळ्यातला नंबर दिसला आणि रामचरण पहिल्या रांगेतून ओरडला, "टोकन है भिया! मिल वाले हैं ये!"

रामचरण वीस वर्षे साचे चालवत होता. मिलमध्ये प्रत्येकाला पितळेचे नंबरी टोकन असायचे. त्याच्यासाठी आणि हॉलमधल्या सगळ्यांसाठी प्रश्न तिथेच मिटला. ही जर्मनीची मिल होती आणि ती बंद पडली होती. मग बाकीचे सगळे आपोआप जुळत गेले. पडक्या भिंतींवर खडूने काहीतरी लिहिलेले दिसायचे, ते युनियनच्या घोषणा. एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर एका माणसाचा फोटो धरायची.

"ये फोटो किसका?" कुणीतरी विचारले.

"सेठजी का," रामचरण म्हणाला. "भाग गया होगा. ढूँढ रहे हैं."

हॉलने मान डोलावली.

मी पुस्तकांतला माणूस. चुकीच्या कपाटात ठेवलेले पुस्तक मला रात्रभर टोचते. रिळाच्या डब्यावरच्या कागदातला मजकूर मी उतरवून घेतला, वाचनालयातला जर्मन शब्दकोश काढला आणि चार दिवस बसलो. मग आप्रेटरसाबांकडे गेलो. ते अंगणात फिल्मची टोके जुळवत होते.

"ही मिल नाही," मी म्हणालो. "लढाई संपल्यावरची माणसं आहेत. घरदार गेलेली, देश सुटलेली. ते नंबर छावणीतले आहेत. ती बाई तिच्या माणसाला शोधते आहे."

त्यांनी वर पाहिले नाही. "मला वाटलंच होतं. इतक्या बायकांना विटा उचलायला कोण लावेल? युनियन ऐकून घेणार नाही." मग त्यांनी विचारले, "मास्तरजी, ते शेवटचं गेट खोटं आहे का?"

"नाही. गेट कारखान्याचंच आहे. ते खरं आहे."

"मग बाकीचं राहू द्या नं."

मी राहू दिले. आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "घरात आम्ही दोन माणसं. आणि ह्यांना पडद्यावरची चारशे सांभाळायची आहेत."

सांभाळायची होतीच. रीळ जुने होते आणि दर शनिवारी चालायचे. फिल्म तुटली की फाटलेला भाग कापून टोके चिकटवावी लागायची आणि प्रत्येक जोडात थोडी चित्रे जायची. सगळ्यात जास्त तुटायचा तो शेवट. सुरुवातीला गेटमधून बरीच माणसे आत जायची. सर्वांत मागे टोपी घातलेला, डबा घेतलेला एक बुटका माणूस धावत यायचा आणि गेट ओलांडायचा. तो आत गेला की हॉलमध्ये टाळ्या पडायच्या.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी टोपीवाला आलाच नाही.

दिवा लागल्यावर लोक आप्रेटरसाबांभोवती जमले. "टोपीवाला कहाँ गया?"

"कापावं लागलं. फिल्मच्या कडेची भोकं फाटली होती."

"मतलब छँटनी?" कामगारकपातीचा तो शब्द उच्चारताना रामचरणचा आवाज चढला. "यहाँ भी छँटनी? सबसे पीछे वाले को ही निकालोगे, भिया?"

आप्रेटरसाबांनी हात अंगापासून लांब धरले. त्यांनी कापलेले तुकडे फेकले नव्हते. मला त्यांनी घरी नेऊन दाखवले. तपकिरीच्या एका डबीत ते सगळे तुकडे होते. "एकालाही काढलेलं नाही मी," ते म्हणाले. "इथे बसवलेत. बदलीवर, बोलावणं येईपर्यंत." टोपीवाल्याला परत जोडायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फिल्म तिथेच तुटली आणि त्याच्या पुढची दोन माणसेही डबीत गेली. गेट उघडायचे, पण आत जाणारे दर महिन्याला कमी व्हायचे. आप्रेटरसाबांची झोप गेली. त्यांना एकच गोष्ट हवी होती: गेट बंद व्हायच्या आत सगळ्यांना आत घ्यायचे.

चौथ्या वर्षी प्रोजेक्टरचा दिवा उडाला. तसला दिवा इंदूरमध्ये मिळेना. ते महूला जाऊन आले. तिथल्या लष्करी छावणीत जुन्या काळचा एखादा असेल, अशी आशा होती. नव्हता. पुढच्या शनिवारी लोक हॉलमध्ये आले, कोऱ्या पडद्यासमोर बसले आणि तासाभराने उठले. त्या दिवशी "थांबा" म्हणायला आप्रेटरसाबांकडे काही नव्हते.

तुम्ही इंदूरचे असाल तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या तुम्हाला सांगायला नकोत. प्रत्येक मिलचे कामगार गाड्यांवर हलती चित्रे रचतात आणि गणपतीसोबत शहरातून फिरवतात. मिल बंद पडल्या, तरी झांक्या निघतच राहिल्या. त्या वर्षी कोणता देखावा करायचा याची बैठक भरली. कुणी समुद्रमंथन म्हणाले, कुणी लंकादहन. आप्रेटरसाब मागे उभे होते. ते म्हणाले, "जर्मनीची मिल करू. डबीतल्यांसकट."

विरोध कुणीच केला नाही.

नवे पुतळे करायची ऐपत नव्हती. मागच्या वर्षांचे काढले. गोकुळातल्या गवळणींच्या डोक्यांना फडकी बांधून विटांच्या रांगेत उभे केले. कुंभकर्ण स्टेशनावर झोपलेला म्हातारा झाला. रंग पुरला नाही, म्हणून एका जर्मनाचे तोंड निळेच राहिले. "ठंड है वहाँ," रामचरण म्हणाला, "नीला पड़ गया बेचारा." गळ्यांत पाट्यांऐवजी काय घालायचे ते ठरवावे लागले नाही. लोकांनी घरून आपापली टोकने आणली आणि पुतळ्यांच्या गळ्यांत घातली. टोपीवाल्याला रामचरणचे टोकन मिळाले. सर्वांत मागे गेट होते आणि विजेच्या मोटारीवर फिरणारी साखळी, जी पुतळ्यांना एकेक करून आत नेणार होती.

फलक लिहायला मला सांगितले, माझे अक्षर चांगले म्हणून. मी ब्रश हातात धरून बराच वेळ बसलो. मग लिहिले, 'जर्मनी की मिल खुल गई'.

संध्याकाळी मिरवणूक निघाली आणि पहिल्याच चौकात जळका वास आला. मोटार बसली. गेट वीतभर उघडून थांबले. मागची झांकी बँड वाजवत अंगावर येत होती. आप्रेटरसाब गाडीवर चढले, गेटच्या फळीमागे शिरले आणि दिसेनासे झाले. मग गेट हलले. आप्रेटरसाब ते खांद्याने रेटत होते. उघडल्यावर त्यांनी साखळी हाताने ओढायला सुरुवात केली. निळा आत गेला, गवळणी गेल्या. टोपीवाला उंबऱ्यावर अडकला. तेव्हा जर्मनीच्या मिलमधून एक सुरकुतलेला, मनगटाला चष्म्याची दोरी गुंडाळलेला हात बाहेर आला आणि त्याने टोपीवाल्याला कॉलर धरून आत ओढले.

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मागचा बँड थांबला.

शेजारी एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने मला विचारले, "ये कौन सी मिल है, भिया?"

"जर्मनी की."

"सच में खुल गई थी?"

मी त्या हाताकडे पाहत होतो. "हो," मी म्हणालो. "खुली. सगळे आत गेले."

पुढे प्रत्येक चौकात तो हात बाहेर आला. परीक्षकांनी झांकीला बक्षीस दिले नाही, 'विषय स्पष्ट नाही' असा शेरा दिला. आप्रेटरसाबांना त्याचे काही वाटले नाही. "एक राहिला नाही बाहेर," एवढेच ते म्हणाले. त्यांचा उजवा खांदा मात्र पुन्हा पूर्वीसारखा वर गेला नाही. नंतर ते अंगापासून लांब धरायचे तो फक्त डावा हात.

ते गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. स्मशानातून लोक निघाले, तेव्हा रामचरण तिथेच उभा होता. मी त्याला चल म्हणालो. "रुको, मास्तरजी," तो म्हणाला. आम्ही तिघे-चौघे विस्तव निवेपर्यंत थांबलो.

मिलचे गेट पुन्हा उघडले नाही. कल्याण केंद्र पाडले. काकूंनी रीळ आणि डबी मला दिली. रीळ आकसले आहे, त्याला आंबूस वास येतो, आता ते कुठल्याही मशीनवर चढणार नाही. डबीत एकवीस तुकडे आहेत. टोपीवाल्याचा तुकडा खिडकीशी उन्हात धरला की दिसतो. त्याचा एक पाय गेटच्या आत आहे.