डॉक्टरांची खिडकी

आमच्या डॉक्टरांना कुठलीही गोष्ट चारचौघांना दाखवल्याशिवाय ती झाली असं वाटतच नसे. मुलाची मार्कशीट, नव्या बुटांचे तळवे, अपेंडिक्सचा व्रण, सगळं आम्हाला दाखवून झालेलं. जर्मनीत काढलेल्या सात महिन्यांचा बसचा पास त्यांनी लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, आणि कुरिअरवाल्यालाही तो बघावा लागे. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो, कारण दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

पनवेलजवळच्या उद्योग वसाहतीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. दोन हजार आठ-नऊ साली मी नवीन पनवेलहून तिथे जायची आणि कागदपत्रं सांभाळायची. माल, म्हणजे मागणीप्रमाणे लागणारी रसायनं, बनवायची वैशाली. उरणजवळच्या करंजा गावच्या कोळ्यांची पोर, घरातली पहिली एम.एस्सी. डॉक्टर स्वतः कधी काचेच्या भांड्याला हात लावत नसत. "मी हात नाही, डोकं वापरतो," असं म्हणत. एवढं वापरत होते तर दिसलं कसं नाही कुणाला, देव जाणे!

पुण्याच्या एका संशोधकांनी आमच्याकडे ॲझिडो-फेनिलॲलनिन मागवलं होतं. नाव लांबलचक आहे, पण प्रकार सोपा. फेनिलॲलनिन हे आपल्या डाळीत-मासळीतही असणारं अमिनो आम्ल. त्याला नायट्रोजनच्या तीन अणूंचं शेपूट जोडलं की ते उजेडाला भलतंच हळवं होतं. प्रकाश पडला की शेजारी जे असेल त्याला घट्ट धरतं. संशोधक ते प्रथिनात बसवतात, वर प्रकाश टाकतात आणि प्रथिनाच्या शेजारी कोण उभं होतं ते शोधून काढतात. पण तोवर त्याला अंधारातच ठेवायचं. काळ्या कागदात, फ्रीझरमध्ये. उघडायचं तर पिवळ्या दिव्याखाली. उन्हात राहिलं की तपकिरी होतं, मग फेकून द्यायचं.

आणि हे पडलं कुणाच्या हाती, तर आमच्या डॉक्टरांच्या! वैशालीने सहा महिने राबून तो पांढराशुभ्र माल थोडा थोडा जमवला. जो पाहुणा येईल त्याला डॉक्टर ती बाटली खिडकीशी नेऊन दाखवत. बँकेचा मॅनेजर, साडू, साडूचा जावई. "बघा, कसं दुधासारखं आहे!" वैशाली म्हणायची, "सर, उजेड नको." त्यावर ठरलेलं उत्तर, "अगं, विज्ञानात लपवाछपवी नसते." बाटलीचा काळा कागद काढून हातात धरून उभं राहायचं काम माझं. दाखवून झालं की मी तो पुन्हा गुंडाळायची.

तिच्या डब्यात सुकट असली की डॉक्टर तिला बाहेर मीटरच्या पेटीपाशी बसून जेवायला लावत. "क्लायंट येतात, वास बरा दिसत नाही." रविवारी पापलेट मात्र तिच्याच बापाकडून हवं असायचं, तेही ताजं फडफडीत. अशा माणसाला माणूस म्हणायचं म्हणजे शब्दाचीच लाज काढणं.

हा माल नीट गेला की वैशालीला कायम करायचं ठरलं होतं. पाठवणीच्या आदल्या दिवशी बाटली उघडली, तर आत चहापूड बरी दिसेल असा रंग. डॉक्टरांनी एक क्षणही विचार केला नाही. "तुझा निष्काळजीपणा. तसं लिहून दे, तरच अनुभवाचं पत्र मिळेल. नाहीतर दुसरीकडे कशी लागतेस नोकरीला ते बघतो." पोरीचा चेहरा उतरला. तिने सही केली नाही, पण ते पत्र न मिळता घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे संशोधक स्वतःच आले. डॉक्टरांनी तिच्यासमोरच तिच्या नावाने खडे फोडले, तिचं पत्र अडवल्याचंही ऐटीत सांगितलं. वैशालीने शांतपणे फ्रीझरमधून एक चिमुकली कुपी आणली. "सर, प्रत्येक वेळचा चिमूटभर मी बाजूला ठेवलाय. हिला कोणी हात लावला नाही. पिवळ्या दिव्याखाली बघा." संशोधकांनी बघितलं. पांढराशुभ्र.

डॉक्टरांनी कुपी हिसकावली. "दिव्याखाली काय बघायचं? माल उजेडात बघावा!" आणि गेले खिडकीशी. दुपारचं ऊन थेट आत येत होतं. मी "अहो!" म्हणणार, तेवढ्यात वैशालीने माझं मनगट दाबलं. "बोलू द्या त्यांना." डॉक्टर बोलले. जर्मनीतली शिस्त, आजकालची पोरं, शुद्धता म्हणजे काय. कुपी उंच धरून चांगली वीस मिनिटं. संशोधक त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते, ते कुपीकडे बघत होते. पांढरं होतं ते आधी पिवळसर झालं, मग हळदीसारखं.

"डॉक्टर, हातात बघा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी बघितलं. "काच खराब असणार!" म्हणाले. शप्पथ, असंच म्हणाले!

"या मुलीला पत्र लिहून द्या, चांगलं लिहा," संशोधक म्हणाले. "मी इथेच बसतो तोवर." पत्र मिळालं. ऑर्डर मात्र रद्द झाली, आणि वैशालीने त्याच संध्याकाळी नोकरी सोडली.

मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. डॉक्टरांची फजिती आठवून मला हसू आवरत नव्हतं. मग वाईट वाटून म्हटलं, "तरी मी त्यांना अडवायला हवं होतं गं. तुझी शेवटची चिमूटसुद्धा गेली."

उरणची गाडी येताना दिसली. वैशालीने पिशवी खांद्याला लावली. ऑफिसात ती जपून आमच्यासारखं बोलायची, तेव्हा मात्र तिच्या घरच्या बोलीत बोलली.

"आज अडवनार होता मॅडम? सा महिने कागद धरून खिडकीशी तुमीच उभ्या होत्या ना? तवा तर कधी बोलला नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. गाडीत चढल्यावर तिने वळून पाहिलं नाही, आणि मी हात वर केला होता तो तसाच खाली घेतला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी कामावर हजर होते.