लागली, हे आपणच सांगायचं

गेल्या दसऱ्याला पूजेच्या पाटावर कोयता, पान्हे आणि बायकोची कात्री मांडलेली होती. त्यांच्या शेजारी लेकीने हळूच आपली बंदूक आणून ठेवली. काळी, लांब, तोंडाशी नारिंगी टोपण असलेली एअरसॉफ्ट. बॅटरीवर चालते आणि प्लास्टिकचे छर्रे उडवते. मी ती उचलून कपाटावर ठेवली.

"हे शस्त्र नाही, खेळणं आहे," मी म्हणालो.

"मग खेळू द्या ना," ती म्हणाली.

तिने मला बरोबर शब्दात पकडलं. कारण आदल्याच आठवड्यात मी तिला उलटं सुनावलं होतं, की बंदूक ही खेळायची वस्तू नव्हे. बायको झेंडूची माळ ओवता ओवता गालात हसत होती.

मी फौजेतला माणूस. तिथून सुटल्यावर उल्हासनगरच्या एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलो, तो निवृत्तीपर्यंत. गल्ला भरायला येणारे सिंधी व्यापारी चेष्टा करायचे, "काका, चलती भी है क्या ये?" मी म्हणायचो, "नहीं चली, इसीलिए तो आप रोज आते हो." गंमत सोडा, पण मला खरोखरच त्याचा गर्व होता आणि आहे. एवढी वर्षं बंदूक खांद्यावर वागवली आणि बँकेत एकदाही चाप ओढायची वेळ येऊ दिली नाही. आदल्या संध्याकाळी मीच काडतुसं काढलेली असायची, तरी सकाळी दुनळी मधोमध उघडून नळीत बघितल्याशिवाय हातात धरत नसे. रिकामी समजलेली बंदूकच घात करते. आणि नळी कधी माणसाकडे करायची नाही, मग ती भरलेली असो वा नसो.

लेकीच्या खेळात तर एकमेकांवरच नळी रोखायची असते, हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. ती अंबरनाथला एका कंपनीत लॅबमध्ये आहे. कमावती आहे, माझ्या परवानगीची तिला गरज नव्हती. तरी तिने जेवताना सांगून टाकलं, "एकदा येऊन बघा. बघून नाही म्हणालात तर बंदूक विकून टाकते, पुन्हा नाव काढणार नाही." तिचा घास हातातच राहिला होता. या खेळावर तिचा किती जीव आहे ते मला तेव्हा दिसलं. पण मी नाही म्हणायचं मनाशी ठरवूनच रविवारी निघालो.

बदलापुरात आमच्या मांजर्ली भागातल्याच एका ओळखीच्या रिक्षावाल्याने आम्हाला जुन्या बदलापूर गावाच्या पुढे सोडलं. तिथे एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. भोवती जाळी लावून तिचं मैदान केलंय. मी खोट काढायलाच गेलो होतो, पण सुरुवातीला काही सापडेना. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. प्रत्येकाची बंदूक यंत्रासमोर झाडून छर्र्याचा वेग बघत होते, आणि तो जास्त भरला की बंदूक बाहेर. लेकीची मी हातात घेतली. वजन बरं होतं, पण चाप ओढल्यावर खांद्याला धक्का नाही, दारूचा वास नाही. मिक्सरसारखी नुसती टर्रर्र वाजली.

मग पंचाने नियम सांगितला. छर्र्याचा डाग पडत नाही, त्यामुळे लागलेलं बाहेरून कुणाला कळत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून "हिट" म्हणायचं आणि बाहेर यायचं.

"मग हरणार कोण?" मी मोठ्याने हसलो. "आमच्याकडे माणूस रांगेत घुसला तरी कबूल करत नाही."

"काका, भरवशावर चालतं," पंच म्हणाला. मी मनात म्हटलं, बघू तुमचा भरवसा.

भट्टीच्या धुराड्याखाली झेंडा होता. तो उपटेल तो संघ जिंकणार. शेवटी लेकीच्या संघाची ती एकटी उरली आणि समोरचाही एकच, विटांच्या थप्पीमागे. लेक वाकून अशी काही पळाली की मी खुर्चीतून उठलो. नाही म्हणायला आलेला बाप जाळीला नाक लावून उभा! तिकडून टर्रर्र झालं. तिचा हात झेंड्याला टेकणार, एवढ्यात ती थांबली. हात वर केला.

"हिट!"

थप्पीमागचा पोरगा बाहेर आला. "अरे, मुझे तो लगा मिस हो गया."

"बुटाला लागली," ती म्हणाली.

तिच्या संघातली मंडळी चिडली. त्या दिवसाचा अंतिम सामना होता तो. एकजण म्हणालाच, "अगं, बुटाला लागलेलं कुणी बघितलं होतं?"

"मी होते ना तिथे," ती म्हणाली आणि मास्क काढून पाणी प्यायला गेली.

माझी दुनळी खरी होती, पण ज्याला लागेल त्याला ती काही विचारणार नव्हती. तिथे सगळा हिशोब चाप ओढणाऱ्याचा. या खोट्या बंदुकीच्या खेळात शेवटचा शब्द लागलेल्याचा, आणि माझ्या पोरीने तो झेंड्याला हात टेकताना खरा सांगितला. खाण तशी माती म्हणतात. मी खुशाल म्हणवून घेतो. फौजेतून परतलो तेव्हा माझ्या बापाने वेशीवर मिठी मारली होती, त्यानंतर ऊर एवढा भरून आल्याचं मला आठवत नाही.

परतताना तीच रिक्षा मिळाली. लेक बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती. सामनाही गेला आणि खेळही गेला, असं तिला वाटत असणार. हळूच म्हणाली, "बाबा, विकू ना मग?" मी भरलेले डोळे लपवायला मान फिरवली, तर तिने तेच माझं उत्तर समजून तोंड बाहेर वळवलं.

तेवढ्यात रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काय काका, पोरगी जिंकली का?"

"हरली!" मी एवढ्या जोरात ओरडलो की त्याने रिक्षाच बाजूला घेतली. "कुणी बघितलं नव्हतं, तरी स्वतः सांगून हरली! आणि पुढच्या रविवारी आम्हा दोघांना परत त्याच भट्टीवर सोडायचंय."