बाबांनी मोकळं केलेलं वावर

त्या वर्षांत गावाहून, राळेगावकडून फोन आला की आधी धस्स व्हायचं. कापसाला भाव नव्हता आणि कोणत्या शेतकऱ्याच्या घरून काय बातमी येईल याचा नेम नव्हता. मी पुण्यात, प्रयोगशाळेत. मेंदूच्या मूळपेशींपासून डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी वाढवणं हे माझं काम. बाबांना कंपवात होता, म्हणजे त्यांच्या मेंदूतल्या नेमक्या याच पेशी मरत चालल्या होत्या. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींना मी जरा जास्तच जीव लावला होता. रोज सकाळी इन्क्युबेटर उघडला की आधी त्या जिवंत आहेत ना, ते बघायचे. एकदा बुरशी लागून सगळ्या मेल्या.

पुढच्या खेपेला त्या जगल्या. त्यांना फाटे फुटले, रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकल्या. आनंदाच्या भरात, पेशी तयार झाल्या, असं मी घरी कळवलं.

काही दिवसांनी आईचा फोन आला. बाबांना कूसही बदलता येत नव्हती आणि ते गोळ्या घेत नव्हते. मिळेल त्या गाडीनं मी निघाले. वाटभर नाही नाही ते मनात येत होतं.

बाबा खाटेवर लाकडासारखे ताठ पडले होते. गोळ्या ताबडतोब सुरू करा, नाहीतर जिवावर बेतेल, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आई विनवून थकली होती. गोळ्या का सोडल्या, असं मी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागला.

"कपाशीच्या जुन्या पऱ्हाट्या उपटल्याबिगर नवं पेरते का कोनी? तुह्या पेशी लावाच्या, त वावर मोकळं नको?"

मला रडू आलं आणि रागही आला. जन्मभर कापूस पेरणारा माणूस, बी तयार झालं म्हटल्यावर गोळ्या सोडून जुन्या पेशी मारायला, म्हणजे जमीन तयार करायला लागला होता. मग खरं सांगणं भागच होतं. या पेशी अभ्यासापुरत्या आहेत, माणसाला लावायला अजून किती वर्षं लागतील ते आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही ठाऊक नाही, असं सांगितलं.

"माह्या हयातीत होईन?"

"मले नाई वाटत, बाबा."

आईनं तोंडाला पदर लावला. आता हे गोळी कशाला घेतील, अशी मला भीती वाटली.

"मंग आन ते गोळी," बाबा म्हणाले. "हयातच वाढवा लागन."

मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, चमच्यानं पाणी पाजलं. गिळली जाते की नाही, म्हणून आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.