विहीणबाईंचा हंगाम

माझ्या विहीणबाई क्रिकेटची मॅच आवाज बंद करून बघत. "ते बोलणारे मधे मधे येतात," म्हणायच्या. पडद्याचा हिरवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पसरायचा आणि माझ्या लेकीच्या अंबडच्या फ्लॅटमधला तो लहानसा हॉल तळ्याच्या तळाशी गेल्यासारखा शांत व्हायचा. दुपारी डोळा लागला की मला अजून तोच उजेड दिसतो.

बाई मूळच्या नामपूरच्या, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या; बोलताना 'आहे'चं 'शे' व्हायचं. लीगचा हंगाम आला की मुक्काम मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीच्या घरी. लग्नानंतर मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी ना आहेराचा विषय काढला, ना मानपानाचा. गंभीरपणे विचारलं, "तो नवीन डावखुरा कसा वाटतो तुम्हाला?" मी तेव्हा पन्नाशीची, जरीच्या साडीत ताठ बसलेली, अतिशहाणी पोर. वाटलं, कुणाचं तरी स्थळ आलंय. म्हणाले, "मुलगा ठीकच असेल, पण घरचं कसं आहे?"

विहीणबाईंनी थोडा विचार केला. "घरच्या मैदानावर चांगला शे. बाहेर गडबडतो."

त्यानंतर मी नाशिक रोडच्या घरी बसून स्ट्राइक रेट पाठ करू लागले. तो काढतात कसा ते ठाऊक नव्हतं, पण फेकायचे मात्र तावातावाने. त्या ऐकून घेत, मग म्हणत, "हे सगळं कालचं झालं. उद्याचं बोला." त्यांची पारख कांद्याची. ओल्या मानेचा, म्हणजे देठाशी नीट न वाळलेला कांदा दिसायला छान, पण साठवणीच्या चाळीत आधी सडतो तोच. डावखुऱ्याने लागोपाठ अर्धशतकं ठोकली तरी त्यांचा निकाल ठरलेला: "मान ओली शे." मी त्याची बाजू अशी घ्यायचे, जणू त्याला मीच न्हाऊमाखू घातलंय. एका हंगामात त्यांनी डोक्यावर घेतलेला लेगस्पिनर शेवटपर्यंत मार खात राहिला. त्या आनंदात मी कांदाभजी तळली. त्यांनी ती चवीने खाल्ली. "एखादी चाळ आपलीही सडते," म्हणाल्या आणि चटणी मागितली.

मग माझ्या लेकीचं आणि त्यांच्या मुलाचं पटेनासं झालं. समजुतीने वेगळे झाले दोघं. विहीणबाई कायमच्या नामपूरला परतल्या. लेकीचं दुःख होतंच, पण मला आतून दुसरीच धास्ती. विहीणपण मुलांच्या संसाराला टांगलेलं. तो संसारच उतरवून ठेवल्यावर फोन करायचा तरी कुठल्या हक्काने?

नवा हंगाम सुरू झाला. संध्याकाळी टीव्ही लावून, फोन मांडीवर घेऊन बसले. डावखुरा मैदानात उतरला, दोन-चार चेंडू चाचपडला. फोन वाजला.

"बघताय ना?"

"बघतेय. विहीणबाई, आता आपलं..."

"सोयरीक पोरांची संपली," त्या म्हणाल्या. "मॅच अजून बारा ओव्हर शे. आणि तुमचा पोरगा पुन्हा ऑफच्या बाहेर बॅट घालतोय, त्याला काही सांगा."

त्यानंतरचा प्रत्येक हंगाम आम्ही फोनवर भांडून काढला.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. तेराव्याला मी नामपूरला पोचले. बायकांत कुठे बसावं कळेना, म्हणून दाराशीच टेकले. एक म्हातारी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बाई, तुम्ही कोण त्यांच्या?"

"विहीण," मी म्हणाले, आणि उठून आत जाऊन बसले.