आमच्या डब्यांची ब्लॉकचेन

आधी माझं शहाणपण मीच सांगते, नाहीतर मंदाताई सांगेल आणि वाढवून सांगेल. दारव्ह्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते, ती ऑफिस सांभाळते. आमचे किस्से असे साचतात की झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतातच.

क्लासच्या मालकांना आम्ही सर म्हणतो. सरांनी जावास्क्रिप्टची नवी बॅच काढली. मला म्हणाले, "साधी ब्लॉकचेन करून दाखवा मॅडम. चालली तं बॅच तुमची. नाही तं यवतमाळहून कोणी बोलावतो."

इतकी वर्षं मी टायपिंग आणि एक्सेलच शिकवत होते. ही बॅच मला हवीच होती.

साखळीत भरायला काहीतरी पाहिजे, म्हणून आमचे डबे घातले. कोणी काय आणलं, कसं झालं. एका दिवसाचा एक ब्लॉक, आणि त्यात आधीच्या ब्लॉकचा शिक्का, म्हणजे हॅश. मागचं काही बदललं की पुढचे सगळे शिक्के चुकतात.

"एकदा लिहिलं की कोणाच्या बापाला पुसता येत नाही," मी ऐटीत सांगितलं. तेवढ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा स्क्रीन कोरी. सेव्ह करायचा कोड मी लिहिलाच नव्हता.

मंदाताई म्हणाली, "बापाले नाही जमलं. लाईटले जमलं."

त्या दिवसापासून सगळं फाईलमध्ये.

*

मग मायनिंग. हॅशच्या सुरुवातीला हवी तेवढी शून्यं येईपर्यंत कॉम्प्युटर आकडे बदलत बसतो. मी हौसेनं जरा जास्तच शून्यं मागितली. कॉम्प्युटरचा पंखा थ्रेशरसारखा घुमायला लागला.

"काय शोधून राह्यला तो?" मंदाताईनं विचारलं.

"शून्यं."

"मंग एवढी मेहनत कायले? तुमच्या एक्सेलच्या पोराईचे पेपर द्या त्याले."

*

"याची कॉपी सगळ्यांकडे असते," मी एकदा समजावत होते, "म्हणून लपवाछपवी चालत नाही."

मंदाताई बोरी अरबची. "हे तं आमच्या गावात पहिल्यापासूनच हाय. मी माहेरी निघाली की सासूसंग भांडण झाल्याची कॉपी घरोघरी."

"पण सगळ्या कॉप्या सारख्या पाहिजेत."

तिनं जरा विचार केला. "मंग नाही जमत आमच्या गावाले."

*

डेमोच्या आदल्या दिवशी मी ब्लॉक वाचत बसले. मंगळवारी माझी गवार होती. तिच्यापुढे मंदाताईनं 'खारट' लिहिलेलं. नव्या पोरांसमोर हे कशाला? फाईल उघडली, 'खारट' काढलं, 'छान' टाकलं. कोणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी नवीन पोरं-पोरी दाटीवाटीनं बसलेली. सरांनी स्वतः शिक्के जुळवून बघायचं 'तपासा'चं बटण दाबलं.

मंगळवारपासून पुढचे सगळे ब्लॉक लाल.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला तर यवतमाळच्या मास्तरची गाडी दारात लागलेलीच दिसली.

मंदाताईनं स्क्रीनकडे मान लांबवली. "मी तं खारट लिहिलं होतं."

"मंग बदललं कोणी?" सरांनी विचारलं.

"मी."

सरांनी ती लाल रांग वरून खालपर्यंत नीट पाहिली.

"बराबर चालून राह्यली मॅडम. बॅच घ्या. डबा नका आणू."